उलटी धरलेली चौकट

चरकाका गेले तेव्हा गावाने त्यांच्या दोन गोष्टी सांभाळून ठेवल्या. एक त्यांचं नाव आणि दुसरी त्यांची चौकट. नावाला काही खर्च पडत नव्हता, म्हणून ते सगळ्यांनी वाटून घेतलं. कुणाच्या शेतात ओल टिकली की 'काकांची कृपा', कुणाची विहीर आटली की 'काका असते तर'. चौकट मात्र लाकडाची. तिला जागा लागते, वाळवी लागते. ती काकीच्या पडवीत खुंटीवर टांगलेली असायची आणि तिच्याखालून जाताना काकी मान वाकवायची. आदराने नव्हे, एकदा कपाळाला लागली होती म्हणून. पण बघणाऱ्यांनी ते आदराच्या खात्यात जमा केलं, आणि काकीनेही खोडलं नाही.

चौकट तशी साधीच. वर एकत्र बांधलेले दोन उंच पाय, मध्ये एक आडवी पट्टी, शेंड्यावरून सोडलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला दगड. दोन पाय उतारावर टेकवायचे आणि दोरी पट्टीवरच्या खाचेवर येईपर्यंत एक पाय वरखाली सरकवायचा. खाचेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंट ठोकायचे, पुढे सरकायचं. मग खुंटांच्या रेषेने चर खणायचा. डोंगरावरून पळत आलेलं पाणी चरात पडतं, आणि चर सपाट असला तर पळायचं विसरून जमिनीत मुरतं. काकांनी आयुष्यभर लोकांना एवढंच सांगितलं. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, मयतीच्या वाटेवर सांगितलं, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं. चरकाका हे नाव त्यांना उगाच नव्हतं पडलं.

त्यांचा एक नियम होता. खाचेची बाजू कायम दरीकडे. चौकट उचलून पुढे न्यायची, फिरवायची नाही. "उलटी धरली की ती खोटं बोलते," असं ते म्हणायचे. नवीन माणसाने चुकून उलटी धरली तर काका त्याच्या हातातून ती अशी काढून घ्यायचे की जणू पोराच्या हातातला विळाच. ते गेल्यावर नियमाला आणखी धार आली. चौकट उलटी धरणाऱ्याचं बरं होत नाही, असं वरच्या आळीत बोलू लागले.

कारण काकांचंच बरं झालं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मोठा चर डाव्या टोकाला फुटला. काका फावडं घेऊन तिकडे धावले आणि चराची भिंत त्यांच्यासकट खाली आली. खालच्या आळीत शिंप्याच्या घरात गुडघाभर गाळ शिरला. काका सापडले ते शिंप्याच्या कुंपणाशी. हातात फावडं तसंच होतं, आणि तोंडात माती. ज्या मातीला त्यांनी आयुष्यभर 'जाऊ नको' म्हणून विनवलं, ती जाताना त्यांनाही घेऊन गेली.

या वर्षी वरच्या उतारावर नवे चर खणायचे होते. ते झाले नाहीत तर सगळा भार पुन्हा जुन्या मोठ्या चरावर येणार आणि त्याचं डावं टोक पुन्हा सुटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पाणी समितीची बैठक भरली. पुढारी कुणी व्हायचं, हे विचारल्यावर पुरुषांनी एकमेकांच्या चपलांकडे पाहिलं. शेवटी सुतार म्हणाला, "काकी आहेत की. चौकट त्यांच्याच घरी आहे." एखाद्याच्या घरी पंप आहे म्हणून त्याला विहिरीत उतरवावं, तसं काकीला पुढारी केलं. तिनेही हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर सुतारच झाला असता पुढारी, आणि सुताराला रोज 'अध्यक्षसाहेब' म्हणण्यापेक्षा उतार चढलेला परवडला.

पण लोक कामाला येईनात. उताराने एकदा माणूस खाल्ला, आता त्याला चटक लागली, असं म्हणायचे. त्यात दुपारचा तो आवाज. ऊन डोक्यावर आलं, गुरं सावलीला बसली, माणसं घरात आडवी झाली की उतारावरून टिकावाचा आवाज यायचा. टण्. मग थांबून पुन्हा, टण्. वर पाहिलं तर कुणी दिसायचं नाही. काकी तो आवाज ऐकत भिंतीला पाठ लावून बसायची. काकांची टिकाव मारायची लय तिला पाठ होती. मारायचे, थांबायचे, घसा खाकरायचे, मग पुन्हा मारायचे. आवाज आणि आवाजामधल्या त्या रिकाम्या जागेत तिला खाकरणं ऐकू यायचं.

"अहो," ती एकदा भिंतीलाच म्हणाली, "मेलात तरी दुपारची झोप घेऊ देत नाही तुम्ही."

सूनबाई दारातून ऐकत होती. ही सून डावरी. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर, त्यामुळे घरात या दोघीच. कोयता डाव्या हाताने, लाटणं डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने. एका ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या की कोपराला कोपर लागायचं. काकीने सुरुवातीला तिला सुधारायचा प्रयत्न केला आणि नंतर आपणच ओट्याची बाजू बदलली. हा पराभव तिने कुणाला सांगितला नव्हता.

"कुणाशी बोलताय आई?"

"तुझ्या सासऱ्यांशी. तुला काही निरोप आहे का?"

"त्यांना म्हणावं, शिंप्याला कामाला बोलवा. तो आला की खालची आळी येईल."

निरोप काकीलाच पोचवावा लागला. दुसऱ्या दिवशी ती शिंप्याकडे गेली. त्याची खोली एकच. मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि भिंतीवर गाळाची ओळ. चुना तीनदा फासूनही ती वर येत होती, घामाच्या डागासारखी. शिंप्याने काकीला बसायला स्टूल दिलं, ते नेमकं त्या ओळीकडे तोंड करून.

"या पुढारीणबाई. काय शिवायचंय?"

"काही नाही. उतारावर या उद्या. फावडं असलं तर आणा, नसलं तर आम्ही देऊ."

"फावडं आहे ना," मशीनचं चाक थांबवत तो म्हणाला. "गेल्या वर्षी घरातून गाळ काढायला घेतलं, ते अजून नवंच आहे. या मशीनने महिनाभर दोरा कमी आणि चिखल जास्त शिवला. आता पुन्हा चर? काकी, माणूस एका खड्ड्यात किती वेळा पडतो?"

"चर नाही खणले तर जास्त पडाल."

"ते खरं." शिंपी स्वभावाने टोचरा होता, पण सुईसारखा, सरळ. "मला एवढंच सांगा. चर सपाट असतो म्हणता. मग पाणी मधे का फुटलं नाही? उजवीकडे का नाही? त्याच्या मागल्या वर्षी छोटा चर फुटला, तोही माझ्याच डोक्यावर. पाण्याला काय माझा पत्ता पाठ आहे?"

काकीने पदर सारखा केला. ती म्हणाली, "नशीब." शिंप्याने मान हलवली, आणि काकीला आपलाच शब्द उसवलेल्या शिवणीसारखा वाटला.

परतताना ऊन तापलं होतं आणि तो आवाज सुरू झाला. टण्. काकी रस्त्यात थांबली. मग काय झालं कोण जाणे, पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती उताराला लागली. भीती तर होतीच. पण घरी बसून भ्यायचं आणि चढून भ्यायचं यात निदान चढलं की दम लागतो, आणि दम लागला की भीतीला जागा उरत नाही.

मोठ्या चराच्या डाव्या टोकाशी, जिथे भिंत कोसळली होती तिथे, खड्ड्यात एक माणूस वाकलेला होता. पाठ तीच. मानेवरचा घामाचा पट्टा तोच. काकीचा पाय जागीच रुतला. माणसाने टिकाव मारला, थांबला, घसा खाकरला.

"अहो..." तिच्या तोंडून निघून गेलं.

तो वळला. तो धाकटा दीर होता. काकांची पाठ आणि काकांचं खाकरणं घेऊन जन्मलेला, बाकी काकांचं काही न मिळालेला. वरच्या आळीत एकटा राहायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"भाऊजी! तुम्ही? सगळं गाव भुताला घाबरतंय!"

"माहीत आहे," दीर म्हणाला. "म्हणून तर दुपारी येतो. कुणी येत नाही."

"काय करताय इथे?"

"खोल करतोय. इथे पाणी जास्त येतं वहिनी. उजवीकडचा चर अर्धाही भरत नाही आणि इथे काठोकाठ. चौकटीचा मागचा पाय कायम मी धरायचो. पुढचा पाय, डावा, दर वेळी थोडा खाली जातोय असं वाटायचं. टाचेला कळतं ना उतार."

"मग सांगायचं होतं!"

"सांगितलं की. दादा म्हणाला, तुझी टाच वाकडी की खाच वाकडी?" दिराने टिकाव खाली ठेवला. "सगळे हसले. मग मी पुन्हा नाही बोललो."

काकी मातीच्या ढिगावर बसली. समोर ती जागा होती. गवत उगवलं होतं, तेही आजूबाजूपेक्षा दाट. भूत नव्हतं याचं तिला बरं वाटायला हवं होतं. पण भूत असतं तर त्याच्यापुढे नुसतं घाबरून भागलं असतं. हा माणूस जे बोलला त्याच्यापुढे विचार करावा लागणार होता.

शाळेतल्या बाईंनी त्याच आठवड्यात गावातल्या बायकांना शाळेच्या अंगणात बोलावलं. पुरुष येत नाहीत तर बायका खणतील, आणि खणायचं तर आधी समजून घेतील, असं त्यांचं म्हणणं. बाई शिकवायच्या भूगोल, पण पाण्याचं म्हटलं की त्यांना सगळेच विषय आपले वाटायचे. काकीने चौकट खांद्यावर टाकली आणि सूनबाईला बरोबर घेतलं. बायका भिंतीच्या सावलीत बसल्या. कुणी पोर मांडीवर घेतलेलं, कुणी नुसतंच बघायला आलेलं.

काकीने काकांसारखंच सुरू केलं. शब्दही त्यांचेच. अंगणात दोन दगड ठेवले, चौकटीचे पाय त्यांवर टेकवले, एका दगडाखालची माती हाताने उकरून तो हळूहळू बसवला. दोरी खाचेवर आली.

"झालं. हे दोन दगड आता एका पातळीत. इकडचं पाणी तिकडे जाणार नाही, तिकडचं इकडे येणार नाही. आता एकेकीने येऊन करून बघा. सूनबाई, तू ये आधी."

सूनबाई उठली. चौकट उचलली, आणि डावऱ्या हाताला जशी सोयीची पडली तशी फिरवून त्याच दोन दगडांवर ठेवली. दगड झुलला, थांबला. दोरी खाचेवर आली नाही. चांगली अंगठाभर बाजूला राहिली.

बायकांत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "उलटी धरली!" आणि एकीने मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं.

"उलटी धरू नकोस," काकीचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलंय! उलटी धरली की ती खोटं बोलते."

"हिला उलटं काय न् सुलटं काय? दोन पायच तर आहेत," सूनबाई म्हणाली. ती काही उद्धट नव्हती, तिला खरंच पडलेला प्रश्न तिने विचारला होता. "दगड तेच, माती तीच. इकडून एक सांगते आणि तिकडून एक. मग आई, इकडून खरं बोलत होती हे कुणी ठरवलं?"

बाई पुढे आल्या. दोरी थांबली होती तिथे त्यांनी पट्टीवर खडूची रेघ मारली. मग त्यांनी काकीकडे पाहिलं, आणि काकीने नजर वळवली.

"आज एवढं पुरे," काकी म्हणाली.

घरी आल्यावर तिने गुरांचा हौद पाहिला. हौद उथळ, रुंद, काठोकाठ भरलेला. पाण्यावर संध्याकाळचं ऊन पसरलेलं, अंगणात वाळत घातलेल्या गोधडीसारखं, कुठेही न चढलेलं न उतरलेलं. काकी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सूनबाई, दोन सपाट विटा आण. आणि खाली घालायला फरशीचे तुकडे."

दोघींनी हौदाच्या दोन कडांना विटा रचल्या, पाण्याला बरोबर शिवतील अशा. जरा वर नाही, जरा खाली नाही. पाणी कुणाची भीड धरत नाही, ते बसतं तेव्हा सपाटच बसतं. चौकट उचलून काकीने विटांवर ठेवली, खाचेची बाजू आपल्याकडे. दगड झुलत झुलत थांबला. दोरी खाचेवर नव्हती. मग सूनबाईने चौकट फिरवली. दोरी पुन्हा तिथेच थांबली, खाच आणि खडूची रेघ यांच्या बरोबर मधोमध.

"म्हणजे उलटी पण खोटी होती," सूनबाई हळूच म्हणाली, "आणि सुलटी पण. खरं मधल्यामध्ये होतं."

काकी खाली बसली आणि तिने चौकटीचे दोन्ही पाय सुतळी लावून मोजले. एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटाच्या पेरापेक्षाही कमी, पण तोकडा. काकांनी पट्टीची मधली जागा दोरीने मोजून खाच पाडली होती. मध्य म्हणजे मध्यच, असं त्यांना वाटलं. चौकट फिरवून बघायला हवी होती, तर फिरवल्यावर ती वेगळं सांगते म्हणून त्यांनी फिरवण्यालाच बंदी घातली. सरकत सरकत प्रत्येक खुंटाला डावा पाय केसभर खाली, पुढच्या खुंटाला आणखी केसभर. डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत केसांचा केवढा हिशेब होतो! सगळं पाणी डाव्या टोकाला. शिंप्याच्या डोक्यावर. आणि शेवटी...

"अहो," ती हौदाकडे बघत म्हणाली. पाण्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या मागे, पडवीच्या अंधारात, खुंटीची रिकामी जागा. त्या जागेत कुणीतरी उभं असावं तसा अंधार होता. मागे वळायचं तिने टाळलं.

"सांगायचं का, आई?" सूनबाईने विचारलं.

"सांगितलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो. या वेळी माझ्या हाताने."

"आणि नाही सांगितलं तर?"

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," काकी म्हणाली. सूनबाई चौकट उचलून आत नेऊ लागली, तेव्हा म्हणाली, "राहू दे इथेच. उद्या न्यायचीय."

उतारावर दुसऱ्या दिवशी बायका आल्या, बायकांच्या मागे त्यांचे नवरे आले, आणि नवऱ्यांच्या मागे बिनकामाचे. शिंपी फावडं घेऊन आला होता. सुतार हात मागे बांधून उभा होता. दीर सगळ्यांपासून लांब, मोठ्या चराच्या काठावर बसलेला.

काकीने चौकट उभी केली आणि सांगून टाकलं. हौद, विटा, खडूची रेघ, तोकडा पाय, सगळं. शब्द एकामागून एक ओळीत आले. शेवटी म्हणाली, "मोठा चर सपाट नाही. डावीकडे उतरता आहे. म्हणून फुटला."

पहिला बोलला सुतार. चौकट त्यानेच बनवून दिली होती. "वा! नाचता येईना अंगण वाकडं. इतकी वर्षं चौकट बरोबर होती, काका बरोबर होते. आता माणूस बोलायला नाही म्हटल्यावर पाय तोकडा निघाला! नवऱ्याला मेल्यावर मारलंत, काकी. जिवंतपणी हिंमत नव्हती झाली."

कुणी त्याला गप्प केलं नाही. तिला वाटलं, मागून आत्ता खाकरणं ऐकू येईल.

शिंपी पुढे झाला. "सुतार, तुझ्या घरात गाळ आला असता तर तू मोजमापाचं बोलला असतास." मग काकीकडे वळून, अगदी वेगळ्याच आवाजात, "काकी, असं म्हणा ना, चौकट चुकली. काका नाही. लाकूड आहे, चुकतं. काकांचं नाव कशाला मधे?"

ही सवलत तिला अपेक्षित नव्हती. ज्याच्या घरात माती गेली त्यानेच देऊ केलेली. घ्यावी असं वाटलं. माना हलत होत्या, सगळ्यांना ती चालण्यासारखी होती. तिने दिराकडे पाहिलं. तो खाली मान घालून टाचेने माती उकरत होता.

"लाकूड चुकत नाही," काकी म्हणाली. "ते वाकतं, झिजतं, पण चुकत नाही. चुकला माणूस. आणि ज्याला कळलं होतं त्याला आपण हसलो. मीपण हसले असणार, आठवत नाही. भाऊजी, इकडे या. मागचा पाय धरा."

दीर उठला. येताना लोकांच्या नजरेतून वाट काढत आला. काकीने कोयत्याच्या टोकाने पट्टीवर नवी खाच पाडली आणि जुनी तशीच ठेवली. मग पहिला खुंट ठोकला, चौकट टेकवली, दोरी खाचेवर आणली. आणि सगळ्यांच्या देखत चौकट फिरवली. कुणीतरी श्वास ओढून घेतला. दोरी पुन्हा खाचेवर आली.

त्या दिवसापासून काम लागलं. वरचे चर खणले, आणि मोठ्या चरात जागोजागी मातीच्या आडव्या भिंती घातल्या, म्हणजे पाणी जिथे पडेल तिथेच थांबेल, डावीकडे धावणार नाही. हातांना फोड आले, फोड फुटले, त्यांची कातडी झाली. सुतार आला नाही. त्याची बायको आली, सगळ्यांत आधी आली आणि सगळ्यांत शेवटी गेली, आणि त्याच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिचं मौन सुताराला घरी ऐकू येत असावं, कारण शेवटच्या आठवड्यात तोही टोपलं घेऊन दिसला.

पाऊस आला तो गेल्या वर्षीपेक्षा आडदांड. सगळं गाव छत्र्या आणि पोती डोक्यावर घेऊन शिंप्याच्या दाराशी जमलं, कारण बघायची जागा तीच. पाणी आलंच नाही. चरांत थांबलं, तुकड्या-तुकड्यांनी, कुठेही एका टोकाला न जाता. शिंप्याने मशीन बंद केलं नव्हतं. विश्वास बसल्याचं त्याने बोलून दाखवलं नाही, पण चाकाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

आणि मग गावाने जे करायचं तेच केलं. आठवडा झाला नाही तोच वरच्या आळीत बोलू लागले, सूनबाईच्या हातून चौकट उलटी धरवली ती काकांनीच. दुपारी आवाज करून काकीला वर बोलावलं तेही काकांनीच. आपली चूक माणूस गेल्यावरही दुरुस्त करून गेला, असा माणूस पुन्हा होणे नाही! काकीने दोनतीनदा खोडून पाहिलं. लोक समजूतदारपणे मान हलवायचे. बिचारी, नवऱ्याचं श्रेय घ्यायला लाजते. शेवटी तिने सोडून दिलं. मेलेल्या माणसाशी भांडता येतं, पण त्याच्या कीर्तीशी भांडता येत नाही.

उघडीप पडली तेव्हा डोंगरापलीकडच्या वस्त्यांतून माणसं यायला लागली. त्यांनाही चर हवे होते, चौकटी हव्या होत्या. सुताराने चौकटी बनवायचा धडाका लावला. एका दुपारी त्याने काकीला बोलावून घेतलं. मनात काही ठेवायचं नाही असं ठरवल्यासारखा तो बोलत होता.

शेडमध्ये भिंतीला चौकटी ओळीने टेकवलेल्या होत्या. ताजं लाकूड, भुशाचा वास. प्रत्येक पट्टीवर एक खाच.

"बघा काकी," सुतार म्हणाला. "तुमच्या चौकटीवर फूटपट्टी लावून घेतली. डाव्या टोकापासून खाचेपर्यंत, केसाचा फरक नाही. गिऱ्हाईक येऊन सांगतं, काकींच्या खुणेची द्या. दुसरी नको म्हणतात."

"माझ्या खुणेची?"

"मग काय तर! काकांच्या खुणेचे दिवस गेले," तो हसला. "आता तुमची. उद्या लोकांच्या तोंडात राहील, काकींची खूण."

काकीने एक चौकट उचलली. सुतार होता कसबी, पण माणूसच. पाय बहुतेक सारखेच, पण बहुतेकच. तिने दाराच्या उंबऱ्यावर दोन ठोकळे ठेवले, खालीवर करत दोरी खाचेवर आणली. मग चौकट फिरवली.

"अहो काकी, उलटी का धरताय?" सुतार चटकन म्हणाला. हात पुढे आला, विळा काढून घ्यायला यावा तसा. "तशी खोटं बोलते ती."

दगड झुलत होता. शेडमध्ये त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं, आणि तरी तो आवाज सुताराचा वाटला नाही. तिला एकदम कळलं की माणूस भूत कसा होतो. मरावं लागत नाही. लोकांनी आपली खूण मोजून घेतली, आणि मोजायचं कसं हे विचारायचं सोडून दिलं, की झालं.

दोरी थांबली. खाचेवर नव्हती.

"रंधा कुठेय?" तिने विचारलं.

"कशाला?"

"आण तर आधी."

सुताराने रंधा दिला. काकीने चौकट गुडघ्याखाली आडवी दाबली आणि पट्टीवरची खाच जाईपर्यंत रंधा ओढला. मग दुसरी चौकट ओढली. सुतार तोंड उघडून बघत होता. भुशात लाकडाच्या छिलक्यांची चकाकती वेटोळी पडत गेली.

"काकी! वेड लागलं का? खूण नसलेली चौकट कोण घेईल?"

"ज्याला चर खणायचाय तो," काकी म्हणाली. घाम तिच्या नाकावरून पट्टीवर टपकला. "त्याला सांग, ठेवून बघ, फिरवून बघ, आणि मधोमध खाच तुझी तू पाड. सांगता येईल ना तुला?"

सुताराने पायाने भुसा बाजूला सारला.

"नाही येत? मग ये इकडे. धर ही." तिने कोरी चौकट त्याच्या हातात दिली. "आता उलटी धर."